ओल्या चादरीचं दुसरं टोक

पद्मिनीची कंबर धरली ती चादरी उपसताना. शिकागोतल्या एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत ती कामाला होती. धुऊन निघालेल्या चादरी एका खोल गाडीत पडत. त्या गाडीत कमरेतून वाकायचं, ओला पिळा ओढून वर काढायचा आणि इस्त्रीच्या रुळांवर चढवायचा. चादरी कसल्या, भिजलेल्या म्हशीच त्या! एके दिवशी ती वाकली, ती वाकलेलीच राहिली.

मग काय, डेव्हन ॲव्हेन्यूच्या आजूबाजूला होती नव्हती तेवढी मराठी घरं तिच्या कमरेच्या सेवेला धावली. नवऱ्यानं, श्रीरंगनं, गादीखाली फळी घातली. कुणी आमटीचा डबा आणला, कुणी तेल चोळलं, कुणी वाळूची पुरचुंडी तापवून शेक दिला. जी येई ती म्हणे, "उठायचं नाही हं पद्मिनी! हललीस तर जन्माचं दुखणं मागं लागेल." माया एवढी, की पाण्याचा पेलासुद्धा तिला कुणी उचलू देईना. श्रावण आला तरी ती फळीवरच. लाकडावर निजून निजून बाई लाकूड होत चालली.

क्लिनिकमधली तरुण डॉक्टरीण म्हणाली होती, "हाडं ठीक आहेत. आता झोपून राहू नका. चाला, हिंडा, कामावर जा."

"कालची पोर! हिला काय कळतंय?" श्रीरंग बाहेर येऊन म्हणाला. पद्मिनीला ते बरंच वाटलं, कारण पाय जमिनीला टेकवायचीच तिला धास्ती वाटे.

पण मुकादम वॉल्टरचा फोन आला. हलकं काम त्याच्याकडे नव्हतं. सोमवारी पूर्ण पाळी उभी राहिलीस तर जागा तुझी, नाहीतर दुसरीची, एवढंच तो बोलला. पद्मिनीनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. या देशात सगळे तिला श्रीरंगची बायको म्हणून ओळखत. एका लॉन्ड्रीतच तिला स्वतःचं नाव होतं. तिथं ती 'पॅडी' होती, दोन नंबरच्या रुळाची पॅडी.

शनिवारी त्याच मराठी घरांतल्या नव्या नवरीची, विनीताची, मंगळागौर होती. मंगळवारी रजा कुणाला? म्हणून गौर शनिवारची, आणि जागरण भरदुपारी, बेसमेंटमध्ये. पद्मिनीला नेऊन उशांच्या खुर्चीत बसवलं, जशी काही दुसरी गौरच. खेळ सुरू झाले. झिम्म्याच्या टाळ्यांनी छत दणाणलं. खुर्चीतल्या खुर्चीत पद्मिनीचे हात टाळी द्यायला लागले, मग पाय ठेका धरायला लागले. शरयूमावशींनी ते पाहिलं आणि साठीतल्या त्या बाईनं सरळ पदर खोचला.

"ऊठ गं. फुगडी घालू."

"मावशी, माझी कंबर…"

"घाबरतेय कोण, कंबर की तू? हात दे. मागं झुक. तू मला तोल, मी तुला तोलते."

ती भीतभीत झुकली. वाटलं, आता कळ येणार. कळ आलीही, पण टोचून निघून गेली, दारात उभ्या पाहुणीसारखी. हळू गिरकी, मग थोडी वेगात. भोवतीच्या बायका फिरायला लागल्या, आणि पद्मिनीच्या तोंडून आपोआप उमटलं,

कंबरे गं सखे, रुसून नको राहू,
ऊठ जोडीजोडीनं, दोघी कामाला गं जाऊ!

"वा!" मागून आवाज आला. दारात प्रतिमा उभी होती. तीही त्याच लॉन्ड्रीतली, तीन नंबरच्या रुळाची. "तिकडे सिक लीव्ह, इकडे फुगडी! तुझ्या गाड्या कोण उपसतंय, ठाऊक आहे? मी! फोटो काढून देऊ का वॉल्टरला?"

झिम्म्याच्या टाळ्या थांबल्या. पद्मिनीचे डोळे भरले, पण ती खुर्चीत परतली नाही. प्रतिमाचा एक हात कधीचा स्वतःच्या पाठीवर दाबलेला होता, तो तिला दिसला.

"फोटो कशाला? सोमवारी मीच येते," ती म्हणाली.

सोमवारी ती दोन नंबरच्या रुळाशी उभी राहिली. पहिली गाडी आली. ती वाकली, आणि कंबरेनं ओळखीची धमकी दिली. पद्मिनी थांबली. एकटीनं ओढायचंच कशाला?

"प्रतिमा, इकडे ये. धर दुसरं टोक."

"ज्याची गाडी त्यानं उपसायची. रूल आहे."

"रूल गेला चुलीत. मागं झुक. तू मला तोल, मी तुला तोलते."

प्रतिमानं नाक मुरडलं, पण टोक धरलं. दोघी मागं झुकल्या, आणि म्हशीसारखी चादर हवेत पाखरासारखी उठली. प्रतिमा बघतच राहिली. दुसरी, तिसरी. दोघींनी मिळून आधी एकीची गाडी संपवली, मग दुसरीची.

वॉल्टर तरातरा आला. "हे काय चाललंय? एका गाडीला दोघी?"

"दोन गाड्यांना दोघी," पद्मिनी इंग्रजीत म्हणाली. "हिशेब तोच आहे. फक्त पाठी शाबूत."

त्यानं रिकाम्या गाड्यांकडे पाहिलं. मान खाजवली. मग पलीकडच्या रुळावरच्या मेक्सिकन लुपेला हाक मारून म्हणाला, "तूही जोडीदारीण शोध."

दुपारपर्यंत सगळी रांग जोडीनं झुलत होती. यंत्रांच्या घरघराटात पद्मिनीनं तीच कंबरेची ओवी लावली, आणि शब्द न कळताच लुपेनं ठेका उचलला. पाळीचा भोंगा झाला तेव्हा पद्मिनी ताठ उभी होती. कंबर दुखत होती, पण कामानं दमलेली कंबर दुखते तशी.

"उद्या मी सिक लीव्हचा फोन करणार होते," प्रतिमा हळूच म्हणाली. "महिनाभर पाठ मोडून पडलीय माझी. सांगणार कुणाला? तू आधीच अंथरूण धरलं होतंस."

"मग? करणार?"

"छे! तुझं दुसरं टोक कोण धरेल?"

भिंतीवरच्या फळ्यावर वॉल्टर उद्याची नावं लिहीत होता. दोन नंबरच्या रुळासमोर त्यानं लिहिलं, पॅडी. पद्मिनी पुढं गेली, त्याच्या हातातला खडू घेतला, ते पुसलं, आणि ठसठशीत इंग्रजी अक्षरांत अख्खं नाव लिहिलं, पद्मिनी.