थंड दिवे

"गुनवोर, आज मध्ये कुठेही थांबायचं नाही! ऐकतेस ना?" वायरलेसवर सिंद्रे ओरडत होता.

गुनवोरने ऐकलं आणि गाडी थांबवली. घाटमाथ्यावरची रुंद जागा आली होती. तिच्या बर्फ लोटणाऱ्या गाडीमागे वादळातून मोटारींची लांब रांग येत होती. तिला ओलांडायचं नाही, ती थांबली की थांबायचं, हा डोंगराचा नियम. सगळ्या निमूट थांबल्या.

"दिवे पुसायला रांग अडवणारी तू एकटीच," साहेब झालेला सिंद्रे करवादला. "पुन्हा तक्रार आली तर गावात फुटपाथ साफ करायला धाडीन."

"खुशाल धाड. पण घाट संपतो त्या पलीकडच्या फाटकापर्यंत ही गाडी माझी."

ती उतरली. मागचे दिवे बर्फाने पार लिंपले होते. जुने दिवे तापायचे, त्यांच्यावर बर्फ टिकत नसे. मग कंपनीने वीज वाचवणारे नवे दिवे बसवले. ते थंडच राहतात. त्याच हिवाळ्यात टोरलाइफच्या, तिच्या नवऱ्याच्या, अशाच गाडीवर मागून ट्रक आदळला आणि तो गेला. चौकशीत दोष वादळाच्या माथी मारला गेला. गुनवोरला तो निकाल कधीच पटला नाही, आणि तसं ती तोंडावर सांगते.

टोरलाइफचा लोकरी हातमोजा चढवून ती दिवे घासू लागली. पहिल्या मोटारीची काच खाली झाली.

"ओ बाई, घरी जाऊन पुसा की! आम्ही काय इथे गारठून मरायचं?"

"आता दिसतात दिवे?"

"दिसतात हो! डोळे दिपले!"

"आणि मघाशी?"

"मघाशी... अंदाजानेच येत होतो."

"असाच अंदाजाने येणारा एक जण माझ्या नवऱ्यावर आदळला. काच वर घ्या, वारा लागेल."

पलीकडच्या फाटकातून एकेक मोटार सुखरूप निघून गेली. सिंद्रे तिथे हात पुढे करून उभाच होता.

"किल्ली दे, गुनवोर. उद्यापासून फुटपाथ."

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्याला वाटलं, आता रडेल, निदान भांडेल तरी. ती गाडीमागे गेली, हातमोजा चढवला आणि बर्फ खरवडू लागली.

"अगं, गाडी बंद आहे. मागे कोणी नाही."

"उद्या असेल," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिव्याकडे वळली.