भिंत खाणाऱ्या मुलीचा नमुना

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. सध्या माझा मुक्काम एका लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात असतो. शेजारी एक बंद पडलेला पंखा आहे. तो बोलत नाही. माझ्याविषयी तोही हेच सांगत असेल.

ज्या कारागिराने माझी भिंगं घासली, त्याला वाटलं असेल की हा पुढे फुलांचे पराग बघेल, फुलपाखरांचे पंख बघेल. माझ्या वाट्याला आली ती शौचाची तपासणी. नाक मुरडू नका. तुमच्या पोटात कोण राहतं, हे तुमच्या आईलाही ठाऊक नसतं. मला असायचं.

दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीपाशी माझी जागा होती. लॅबवाल्या बाई काडीच्या टोकावर जरासा नमुना घ्यायच्या, मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवायच्या आणि काचपट्टी माझ्याखाली सरकवायच्या. वरून बाईंचा डोळा, खालून परक्याचं पोट आणि मध्ये मी. जंतांची अंडी दिसायला मोठी देखणी असतात. नमुना शिळा असला, की कधी कधी अंड्यातली अळी हलायची. झोपेतलं माणूस कूस बदलतं, तशी. अशा वेळी मला प्रश्न पडे, आपण तिला बघतोय, की ती आपल्याला?

माणसं लाजत लाजत नमुने आणायची. कुणी दागिन्याच्या डबीत, तर कुणी थेट बरणी भरून.

"एवढं कशाला आणलंत, काका?"

"असू द्या. उरलं तर ठेवा."

अशात एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन येऊ लागला. मुलगी इतकी पांढरीफटक, की गल्लीतली पोरं तिला बगळी म्हणत. चार पावलं चालली की तिला धाप लागे. डॉक्टरांना जंतांचा संशय होता, पण तिचा नमुना दर वेळी स्वच्छ निघे. मी अगदी कोपरान्‌कोपरा दाखवला. काही नाही म्हणजे काही नाही.

त्याच सुमाराला बाहेरच्या बाकाजवळ, निळ्या भिंतीला एक खळगा पडला. बाईंना वाटलं, उंदीर. त्यांनी पिंजरा लावला. पिंजऱ्यातला पाव तसाच राहिला आणि खळगा मोठा झाला. तो बरोबर बाकावर बसलेल्या लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर होता.

पुढच्या खेपेला बगळी आली, ती बापाच्या खांद्यावर. तिचे ओठ निळे होते. बाई दचकल्या. त्यांनी अंगठ्याने ओठ पुसला. अंगठ्याला रंग लागला.

"काय खाल्लंस गं?"

"भिंत."

"का?"

"ती बोलावते ना," बगळी म्हणाली. समोरच्या घरातली मावशी बोलावते, असं सांगावं तशी.

शिंपी खाली बघून म्हणाला, "घरी उंबऱ्यापाशी माती खाते. डॉक्टर म्हणतात, आजचा नमुनाही स्वच्छ निघाला, तर दुखणं खोल कुठेतरी आहे. शहरात मोठ्या इस्पितळात न्या म्हणतात. एवढा प्रवास तिला झेपेल का, विचारलं. त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली."

बाईंनी काचपट्टी लावली. स्वच्छ. त्यांनी डोळा काढला, पुन्हा लावला. बराच वेळ त्यांची पापणी माझ्यावर फडफडत राहिली. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "ही भिंत खाते. मग यात भिंत कुठे आहे?"

एकही निळा कण नव्हता. वाळूचा दाणा नव्हता.

"हा नमुना कोणाचा?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

शिंपी गळ्यातली मापाची टेप चाचपू लागला. "घरचाच आहे."

"घरातल्या कोणाचा?"

"माझा. हिला सकाळी होत नाही आणि मला दुकान उघडायचं असतं. म्हटलं, घर एक, चूल एक, दोघं एकाच भांड्यातलं खातो. पोटात काय निराळं असणार?"

"हिचा फ्रॉक शिवताना माप स्वतःचं घेता का हो?"

बगळी हसली. निळे दात दिसले.

त्या दिवशी दुकान बंद राहिलं. दुपारी उशिरा बगळीचा स्वतःचा नमुना माझ्याखाली आला. आधी दिसले निळे कण, जणू आभाळाच्या कपच्या. आणि त्यांच्या मधून, जिकडे सरकवावं तिकडे, पातळ कवचाची अंडी. ज्यांची ही अंडी, ते जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. अनवाणी तळव्यातून आत शिरतात आणि दार कुठे होतं, याची खूणही ठेवत नाहीत. रक्त आटलं, की माणसाला भलत्यासलत्या भुका लागतात. भिंत बोलावत नव्हती, मित्रांनो. आत बसलेले बोलत होते.

बाईंनी शिंप्याला डोळा लावायला सांगितलं. त्याचा डोळा ओला होता. माझं भिंग धुरकटलं.

"हे सगळे तिच्यात आहेत?"

"आत्ता आहेत. डॉक्टर गोळ्या देतील, रक्त वाढायचं औषध देतील. आणि आधी तिला चपला घ्या."

काही महिन्यांनी बगळी आली, ती नव्या चपला वाजवत. गालांवर लाली होती. ती खळग्यापाशी गेली आणि भिंतीला कान लावून उभी राहिली.

"गप्प आहे आता," तिने बाईंना सांगितलं.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी खळगा लिंपून घेतला.

पुढे विजेवर चालणारा नवा सूक्ष्मदर्शक आला. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मीही केलं. मला कपाटात ठेवताना पुसायचं मात्र राहून गेलं. ओल आली आणि माझ्या भिंगांच्या मध्ये बुरशी धरली. बारीक, पांढरे धागे. मला ते स्पष्ट दिसतात, कारण बघणं तेवढं मला येतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोटातलं दाखवलं, पण माझ्या पोटात काय वाढतंय, हे बघायला डोळा लावणारं कुणी नाही.

तेव्हा मित्रांनो, चपला घाला, हात धुवा आणि नमुना मागितला तर स्वतःचाच द्या. आणि एखाद्या जुन्या कपाटाची किल्ली सापडली, तर कोरडं, मऊ फडकं घेऊन या. फार दिवस लावू नका.

काल त्या पांढऱ्या धाग्यांतल्या एकाने कूस बदलली.