तळाशी ठेवलेलं

"आत्या, हात खाली कर," पोरगी दातओठ खात कुजबुजली. "माइक इकडे येतोय."

आत्याने हात खाली केला नाही. उलट मांडीवरची पर्स खुर्चीत ठेवून ती उभीच राहिली.

सभागृहात नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत चाललं होतं. मंचावर कुठल्याशा कंपनीतला कोटवाला साहेब तासभर उपदेश करत होता. आजपासूनच नोकरीला लागलो असं समजा, माणसं जोडा, अपयशाला घाबरू नका, त्याला मिठी मारा. यावर टाळ्या पडल्या. आत्याला वाटलं, या शहाण्याला एकदा आमच्या हॉस्पिटलात नेऊन उभा करायला हवा. तिथे अपयश आलं की मिठी मारायला नातेवाईक येतात. मग साहेबांना सुचलं, की पालकांनीही आपल्या नोकरीतला एखादा सल्ला मुलांना द्यावा. हौशी माणूस. कुणी तरी खरंच देईल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आत्याची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या तळघरात गेली. ऑपरेशनची हत्यारं उकळायची, पुसायची, क्रमाने लावायची आणि हिरव्या कापडात बांधून वर पाठवायची. डॉक्टरला आधी लागणारं वर, शेवटी लागणारं तळाशी. एखादा चिमटा कमी निघाला तर बांधणाऱ्याची मान पकडली जाई, म्हणून तिचा कुणावर विश्वास नव्हता. दुसरीने बांधलेलं ती सोडून बघायची आणि चूक सापडली तर सगळ्यांदेखत पाणउतारा करायची. तळघरात तिला कात्री म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"मी काही फार शिकलेली नाही," कात्री माइकवर म्हणाली. "पण नोकरी केलीय. हे साहेब म्हणाले माणसं जोडा. काही जोडू नका. कामावर कुणी कुणाचं नसतं. कुणी गोड बोलायला लागलं की समजायचं, त्याचं काम आता आपल्या गळ्यात पडतंय." मागे हशा पिकला. ती थांबली नाही. "आपलं काम दोनदा बघायचं. दुसऱ्याचं चारदा बघायचं. आमच्या ठकीला मी हेच सांगून थकले. पण ही भोळसट. परीक्षेत दुसरीला पेन देऊन बसली आणि स्वतः रडत घरी आली."

"ठकी कोण?" मागून एक आवाज आला.

"ही काय," म्हणून आत्याने बोट दाखवलं.

सगळं सभागृह ठकीकडे वळून बघायला लागलं. साहेब हसत "वा, वा, अनुभवाचे बोल" म्हणाले आणि माइक तिच्या हातातून जवळपास ओढून नेण्यात आला.

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर ठकीने सगळं काढलं.

"तुला कुणी बोलावलं होतं? आईवडिलांचा कार्यक्रम होता तो. आईवडिलांचा."

"मग बोलवायचं होतंस त्यांना," आत्या म्हणाली. "बाप काही वरून येणार नाही. आईला तरी विचारून बघायचं होतंस, नव्या संसारातून तुझ्यासाठी सवड होते का ते."

बोलून झाल्यावर आत्याला ते लागलं. पण तिच्या जिभेला माघार घ्यायची सवय नव्हती. भाऊ गेला, वहिनीने दुसरं लग्न केलं, तेव्हा ठकी नुकती चालायला लागली होती. तिला वाढवताना आत्या तिला रागवायची, धाकात ठेवायची, पण आईवरून एक शब्द कधी बोलली नव्हती. आज बोलली. ठकीचा चेहरा पांढरा पडला. ती पुढे चालायला लागली आणि व्हरांड्यात ठेवलेलं सामानाचं गाठोडं उचलून आत्या तिच्या मागे.

वसतिगृहाच्या खोलीत दुसरी मुलगी कार्यक्रमाला न जाता आधीच आली होती. तिची आई खुर्चीवर चढून पडदा लावत होती. हसरी, बोलकी बाई. कात्रीला अशा बायकांचा मुळात राग.

"या, या," ती वरूनच म्हणाली. "ही तुमची मुलगी का?"

आत्याने तोंड उघडलं. तेवढ्यात ठकी बोलून गेली. "नाही. ओळखीच्या आहेत. सामान द्यायला आल्यात."

खोलीत पंखा कुरकुरत होता. आत्याने एकदा ठकीकडे बघितलं. सभागृहात पोरीला मान खाली घालावी लागली, त्याचं हे उट्टं होतं, एवढं तिला कळलं. कळलं म्हणून ते कमी झोंबलं असं नाही.

"हो," ती म्हणाली. "सामान द्यायला आले."

तिने गाठोडं पलंगावर ठेवलं. हॉस्पिटलातून बाद झालेलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं हिरवं कापड, कोपरे आत दुमडलेले. घरी दोन दिवस ती ते बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. आज रात्री लागणार म्हणून चादर वर. तिच्याखाली टॉवेल, साबण. मग वह्या. मग थंडीचे कपडे.

"वरून एकेक काढ," ती म्हणाली. "क्रमाने लावलंय."

"माझं मी बघते," ठकी म्हणाली. तिने गाठ ओढली, कापडाची दोन टोकं धरली आणि गाठोडं पलंगावर सरळ उलटं केलं.

तळाचं वर आलं. काळी पँट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खोक्यातले नवे काळे बूट. शर्ट ठकीच्या मापापेक्षा थोडा मोठा होता.

"अय्या, हे आत्ताच कशाला?" पडदावाली बाई खुर्चीवरून उतरत म्हणाली. "आत्ता तर कॉलेज सुरू होतंय."

"नोकरीच्या मुलाखतीला," आत्या म्हणाली. "शेवटी लागतं. तळाशी होतं."

ठकीने शर्टाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ते तिच्या गळ्यापर्यंत आलेलं आत्याला स्पष्ट दिसत होतं. पण त्या दुसऱ्या मुलीसमोर आता कुठल्या तोंडाने म्हणणार? आत्यालाही वाट बघायची नव्हती. तिने चादर घेतली, गादीवर घातली, हॉस्पिटलात घालतात तशी चारी कोपरे ताणून. मग रिकामं कापड उचललं.

"ते राहू दे ना," ठकी हळूच म्हणाली.

"नाही. सामान पोचलं की कापड परत न्यायचं असतं."

जिन्यावरून उतरताना तिने मागे बघितलं नाही. फाटकाशी मात्र थांबावं लागलं, कारण बस तिथेच समोर थांबायची आणि ती अजून यायची होती. चौकीदार स्टुलावर बसून कान कोरत होता. जरा वेळाने त्याने आवाराकडे मान वळवली.

"बाई, ती मुलगी कधीची उभी आहे. तुमच्याकडेच बघतेय. तुमची का?"

आत्याने वळून बघितलं. ठकी चार पावलांवर आली होती. चप्पल न घालताच धावत आली असावी. डोळे लाल, नाक लाल, लहानपणी पडल्यावर व्हायचं तसं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. दोघींपैकी कुणीही.

"ओळखीची आहे," आत्या चौकीदाराला म्हणाली.

ठकी तिथेच थांबली.

बस आली. आत्या चढली आणि फाटकाच्या बाजूची खिडकी रिकामी असताना पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. कापड मांडीवर पसरून ती कोपऱ्याला कोपरा लावू लागली. हे काम तिचे हात डोळे मिटून करायचे. आज घडी काही केल्या सरळ बसेना. तिने ती मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. तिकीटवाला शेजारी येऊन उभा राहिला, कुठे जायचंय म्हणून विचारू लागला. तिला ते ऐकू गेलं नाही.