शेवटची तारीख लिहिली नाही

अर्जदाराचं नाव

निर्मलाबाई लांजेवार, वय सत्त्याहत्तर, राहणार कोंढा, तालुका पवनी. अर्ज भरणारी मी, त्यांना आई म्हणणारी सून अंजू. ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवते, म्हणून घरात आलेला प्रत्येक फॉर्म माझ्याच पुढ्यात येतो.

कागदाचं वर्णन (दोन ओळींत)

दोन ओळींत मावणार नाही. सन १९४६. हजार रुपयांचा सरकारी कर्जरोखा, तीन टक्के, सहा महिन्यांनी पंधरा रुपये. सरकारने आजेसासऱ्यांकडून, म्हणजे आईंच्या सासऱ्यांकडून, सुखराम लांजेवारांकडून उसने घेतलेले पैसे. मुद्दल कधी परत देणार, ते कागदावर कुठेच नाही. व्याज मात्र देत राहणार. मागच्या बाजूला चौसष्ट चौकटी. व्याज दिलं की एका चौकटीत शिक्का. बत्तीस वर्षं सुखराम भंडाऱ्याला जात राहिले, शिक्के पडत राहिले. अठ्ठ्याहत्तरला शेवटची चौकट भरली आणि त्यांनी घरी येऊन सांगितलं, झालं, सरकार मोकळं.

व्याज न उचलण्याचं कारण

सालदार.

(एवढं लिहून भागणार नाही.) घरात वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार असायचा. त्याच्या नावाची चिठ्ठी भिंतीला असायची, बारा चौकटींची. महिन्याचं धान दिलं की एक फुली. बारावी फुली पडली की साल संपलं, कोणाचं कोणाकडे काही नाही. सुखरामांनी सरकारलाही सालदाराच्या हिशेबात बसवलं. चौकटी भरल्या, साल संपलं. सरकारकडून कोणी सांगायला आलं नाही आणि हे विचारायला गेले नाहीत.

कुटुंबात वाद, असल्यास

असल्यास!

सुखराम गेल्यावर शहाऐंशी साली हिस्से झाले. आईंनी त्याआधी कागदाची इंग्रजीतली पुढची बाजू गावच्या मास्तरांकडून वाचून घेतली होती, ओळ न् ओळ. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या की यावर शेवटची तारीख लिहिलेली नाही, म्हणून हा संपलेला नाही, हा आमच्याकडे राहू द्या. आईंचे धाकटे दीर केवळराम हसले. कागद घ्यायचा तर तलावाखालचा अर्धा एकर सोडा, म्हणाले. आईंनी सोडला. माझे सासरे हयात असेपर्यंत यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच आईंना जास्त लागलं.

अडतीस वर्षं केवळकाका ओसरीवर येतात, चहा घेतात आणि विचारतात, "वहिनी, कागदाले औंदा लोंबी किती आली?"

मागच्या पोळ्याला त्यांनी हे घरी आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांसमोर विचारलं. आई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अंजू, मले भंडाऱ्याले ने. मी येडी होती का नाही, ते एकदा समजू दे."

मुदत संपण्याची तारीख

~~माहीत नाही~~

~~नाही~~

~~लागू नाही~~

भंडाऱ्याच्या कोषागारातले कारकून वीरेंद्र तिन्ही वेळा मान हलवत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद उलटा केला, चौकटी मोजल्या आणि सुखरामांनीच सांगितलेलं सांगितलं: जागा भरली, खातं बंद. वर संगणक तारखेशिवाय पुढे जात नव्हता. तारीख नाही असं कर्ज असतंच कुठे, त्यांनी विचारलं.

अधिक माहिती

असतं. बाकावर बसून मी आईंना सांगत होते, पण आवाज वर्गातला होता, त्यामुळे खिडकीपलीकडेही गेला. इंग्लंडच्या सरकारने सतराशे पन्नासच्या सुमारास आपली बरीच कर्जं एकत्र करून मुदत नसलेलं एकच कर्ज केलं. लढाया आल्या, राजे बदलले, व्याज जात राहिलं. असले शेवटचे कागद त्यांनी परत घेतले ते २०१५ साली. त्याच्याही आधी, १६४८ मध्ये, हॉलंडात नदीचा बांध सांभाळणाऱ्या एका मंडळाने पैसे उभे केले होते. बकरीच्या कातड्यावर लिहून दिलं, आणणाऱ्याला व्याज देऊ. ते आजही मिळतं.

"बांधासाठी?" आईंनी विचारलं. "म्हणजे आपल्या तलावाच्या पारीवानी?"

"तसंच."

"मंग ते देतीलच. पाण्याजवळ राहणारा माणूस आपलं बोलणं मोडत नाही."

खिडकीतून वीरेंद्रनी विचारलं, "पावणेचारशे वर्षांचे शिक्के एका कातड्यावर बसले कसे, मॅडम?"

"नाही बसले. जागा संपली तेव्हा त्यांनी वेगळा कागद जोडला."

वीरेंद्रनी उठून आतल्या कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढलं, धूळ शर्टाच्या बाहीनेच पुसली आणि बोट ठेवत पानं उलटू लागले. आम्ही दोन तास बसलो. आईंनी डब्यातली भाकर मोडली, एक तुकडा वीरेंद्रनाही पाठवला. दुपारी सव्वातीनला त्यांचं बोट थांबलं.

कार्यालयीन उपयोगासाठी

चौकटी भरल्यास जोडपत्र लावावे. कर्ज सरकारने परत बोलावलेले नाही. व्याज देय.

आता तारखेचा रकाना उरला. वीरेंद्रनी वरिष्ठांना फोन केला, मग टाइप केलं: ३१-१२-९९९९. संगणकाने मुकाट्याने घेतलं.

शेहेचाळीस वर्षांचे एक हजार तीनशे ऐंशी रुपये मंजूर झाले. जोडपत्राच्या पहिल्या चौकटीत शिक्का पडला. पुढचं व्याज थेट बँकेत टाकू, यायची गरज नाही, असं वीरेंद्र म्हणाले. आईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मी येईन. माह्यासमोर शिक्का मारजा."

साक्षीदार

केवळराम लांजेवार, नात्याने दीर.

संध्याकाळी आईंनी त्यांना स्वतः बोलावलं. त्यांनी पावती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, मग मला वाचायला दिली. मी वाचली, सन नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवसकट.

चहाचा कप बाजूला सारून काका म्हणाले, "वहिनी, हिस्से नव्यानं करू का आपण? अर्धा एकर घ्या, वरून पाव एकर घ्या."

आई हसल्या नाहीत. त्यांनी घरी आणलेल्या अर्जाच्या प्रतीवर, साक्षीदाराच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"पयले येथं सही करा, भाऊजी. लिहा, कागद जिता आहे."

काकांनी लिहिलं. पेन परत देताना ते वहिनीच्या पाया पडले.

अर्जदाराची सही

अंगठ्याची जागा रिकामी सोडली आहे. सही केली आहे, निर्मलाबाई लांजेवार, पूर्ण नावाने, रकान्याच्या दोन्ही रेघांच्या बाहेर.