बळीराजा डिपॉझिट विचारतो

वामनाने बळीराजाला पाताळात घातलं.

तसं काहीही झालेलं नाही. बळीराजा आत्ता परळच्या एका हॉलच्या मेकअप रूममध्ये बसून चहात खारी बुडवतोय. रविवार दुपार आहे, आमच्या दशावतार मंडळाचा प्रयोग सुरू व्हायचाय.

बळीराजाचं नाव टेकबहादूर राई. गाव नेपाळातलं, हल्ली मुक्काम लालबाग, उंची साडेतीन फूट. सिनेमा-मालिकांत कामं करतो. आजवर अस्वल झालाय, परग्रहवासी झालाय, आणि एका जाहिरातीत फ्रिजच्या आतला माणूस झालाय. स्वतःचा चेहरा दिसला तो तेवढाच, दार उघडं असेपर्यंत. मराठी तो चाळीत शिकला, म्हणजे मालवणी शिकला.

मंडळात आल्यापासून तो वामनच करायचा. एन्ट्री घेतली की लोक हसायचे. त्याने अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

यंदा तो मंडळाच्या मालकांना, कुशाबांना, म्हणाला, "माका बळी करूचो आसा."

"मेल्या, देवान तुका रेडीमेड वामन करून धाडल्यान, आणि तुका बळी व्हयो?"

"माका राजा व्हयो. लोकांनी हसूचा तर मी बोलल्यावर हसूचा."

कुशाबांनी अट घातली. एन्ट्रीला लोक हसले, तर टेक जन्मभर वामन.

वामनाचं काम गौतमला मिळालं. गौतम बँकेत आहे, सहा फूट दोन इंच. त्याने विचारलं, "गुडघ्यांवर चालू का रे?"

"चाल, मगे गुडघे घरी नेवक मेळाचे नाय. आसस तसो ये," टेक म्हणाला.

पडदा उघडला. मी झांजेवर होतो. टेक आला, आणि मागच्या रांगेत एक जण फिसकन हसला. टेक थांबला. त्या माणसाकडे शांतपणे बघत राहिला. तो माणूस उठून उभा राहिला, हात जोडले, मग आपण का उठलो ते न कळून खाली बसला. टेक सिंहासनावर चढला.

गौतम दारातून वाकून आत आला. "राजन, मला तीन पावलं जमीन दे."

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याचं. इथे बळीने लगेच 'दिली' म्हणायचं असतं. टेक मागे रेलला.

"मूळचो खयचो तू?"

"वैकुंठाचा."

"म्हणजे भायरचो. एकटोच ऱ्हवतलंस? पाव्हणे येतत? रात्री उशिरा येतंस? डिपॉझिट किती देशीत?"

"राजन, मी देव आहे."

"सगळे भाडेकरू पयल्या महिन्याक तसाच सांगतत. आधार कार्ड दाखय."

हॉल हसून कोसळला. पहिल्या रांगेतून टेकची घरमालकीण राधाबाई ओरडल्या, "अरे, हे तर माझे प्रश्न!"

"होय आक्का, पाठ आसत," राजा सिंहासनावरून म्हणाला.

अखेर बळीने जमीन दिली. वामनाने एका पावलात पृथ्वी घेतली, दुसऱ्यात स्वर्ग. तिसऱ्यासाठी गौतमने पाय उचलला आणि अख्खा हॉल ओरडायला लागला, "ठेवू नको रे! गौतम, पाय खाली!" गौतम एका पायावर लटपटत उभा. विंगेतून कुशाबा खुणा करतायत, 'ठेव, ठेव.' त्याला काही ठेववेना.

मग टेकने स्वतःच मुकुट काढला, पुढे आला, आणि गौतमचा घोटा धरून तो पाय आपल्या डोक्यावर ठेवला.

"ठेव बाबा, दमशीत. दिली म्हटलंय तर दिली. डिपॉझिट माफ."

कुणी हसलं नाही. माझ्याकडून झांज वाजवायची राहून गेली. मग ज्या शिट्ट्या सुरू झाल्या, त्यात पडदा कधी पडला ते कुणालाच कळलं नाही.

कुशाबा आत येऊन म्हणाले, "दात पडापर्यंत बळी तूच कर." टेकने तोंडाचा रंग पुसायचं नाव घेतलं नाही. मुकुट घालूनच तो बाहेर फोटो काढून घ्यायला गेला.

प्रेक्षक मात्र घरी जाईनात. त्यांनी जागच्या जागी ठराव मांडला, राधाबाईंनी अनुमोदन दिलं, आणि कुशाबांना तो माइकवरून वाचावा लागला:

"मा. श्री. विष्णू, वैकुंठ, यांस सविनय विनंती करण्यात येते की, उपरोक्त बळीराजास पाताळात पाठवण्याचा आदेश तात्काळ रद्द करावा, व त्यांस परळ स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, मालकी हक्काने, चोवीस तास पाण्यासह, एक खोली मंजूर करण्यात यावी."