पाठ झालेलं संस्कृत

"दोन्ही विषय एकाच ब्लॉकमध्ये आहेत, बाबा. आय कॅन ओन्ली पिक वन."

स्वरालीने हे इतक्या हळू सांगितलं, की कालव्यातल्या हंसांनीही मान वळवली नाही. आयर्लंडमधल्या नास गावातली रविवारची सकाळ, पाण्यावर धुकं. मोरेश्वरला वाटलं, आपण अजून पांघरुणातच आहोत आणि लेक स्वप्नात येऊन फिजिक्स सोडते आहे.

उद्या शाळेला विषय कळवायचे होते. फिजिक्स, नाहीतर क्लासिकल स्टडीज. पुढे कॉलेजात तिला ग्रीक-रोमन संस्कृतीच शिकायची होती. लॅटिन तिच्या शाळेत नव्हतंच, पण ते कॉलेजात मुळापासून शिकवतात, असं बाईंनी तिला सांगितलं होतं.

"अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," मोरेश्वर म्हणाला. तो सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच पगार घ्यायचा. "फिजिक्स असलं की सगळे दरवाजे उघडे. जुन्या भाषा काय, हौस म्हणून कधीही होतात. मीही संस्कृत घेतलं होतंच की! एकदम स्कोअरिंग. पुण्यात शाळेत पहिला आलो होतो."

"रिअली? व्हॉट वॉज इट अबाउट?"

"म्हणजे?"

"द स्टफ यू रेड. हू वॉज इन इट?"

मोरेश्वरने तोंड उघडलं. रूपं धडाधड आठवली, चाल आठवली, एक ओळ तर जिभेवर आलीसुद्धा. पण तिच्यात कोण होतं, ते हसत होतं की रडत होतं, काही केल्या आठवेना. आठवेना कसलं, ते त्याला कधी ठाऊकच नव्हतं. पोपटासारखं घोकलं, पेपरात ओतलं आणि अकरावीला सायन्स घेऊन गडी मोकळा झाला. भलंमोठं पार्सल दारात आलं, आपण सही केली आणि ते न उघडताच ठेवून दिलं, असं काहीसं त्याला वाटलं. फार वाईट वाटलं.

"ग्रँड मॉर्निंग," म्हणत कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा धुक्यातून आले आणि धुक्यात गेले.

"क्लासिकल घे," मोरेश्वर म्हणाला.

"शुअर? आई विल किल यू."

"आईशी मी बोलतो."

स्वराली फोनवरून आपलं आपणच थोडं लॅटिन शिकत होती. आनंदाच्या भरात तिने त्यातली एक ओळ मोठ्याने म्हटली. तिच्या आयरिश हेलात ती पाण्यावरून सावकाश लांबवर गेली. मोरेश्वर ऐकत उभा राहिला.

"याचा अर्थ काय गं?" त्याने विचारलं. शाळेत हा प्रश्न त्याने कधी कुणाला विचारला नव्हता.