दहावा सूचक

हंबीरराव घरी येऊन भाकरी खाऊन गेले, त्या संध्याकाळपासून गणपतीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

साखर कारखान्याचा चेअरमन कळंब्याच्या दोन खोल्यांच्या घरात येतो, उंबऱ्याबाहेर चपला काढतो, ठसठशीत ‘जय भीम’ घालतो आणि गणपतीच्या बायकोकडे, बायडाबाईकडे झुणका मागून घेतो, यात तसं नवल नव्हतं. निवडणुकीचे दिवस होते. अठ्ठ्याण्णव साल उजाडलं होतं आणि दोन वर्षांत दुसऱ्यांदा लोकसभा लागली होती. हंबीरराव यंदा दिल्लीला निघाले होते. नवल होतं ते त्यांच्या बोलण्यात.

“अनुजाबाईंच्या अर्जावर सही करा बिनधास्त, गणपतराव. शिकलेली बाई हाय, उभी ऱ्हाऊ दे की! माझ्या इरोधात असंना का. आनि तुमच्या प्रसेनजीतचं मी बघतो. चार हंगाम झालं न्हवं का पोराला हंगामी राबून? एकदा अर्ज भरून झालं, की कायमची ऑर्डर हातात.”

पाहुणे गेल्यावर बायडाबाई म्हणाली, “मोठ्या मनाचा माणूस.”

“एवढं मोठं मन अचानक कुठनं आलं?” गणपती म्हणाला.

“तुमचं आपलं कायतरीच. देव आला तरी तुमी त्याला इचारशीला, कुणी धाडलं म्हणून.”

खोटं नव्हतं ते. गणपतीनं कोल्हापुरातल्या एका जुन्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं होतं. परत आलेलं पुस्तक तो उघडून, पानं मोजून घ्यायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी बसनं वाचनालयात जायचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वाचत बसायचा. माणसांपेक्षा त्याला पुस्तकं बरी वाटत. पुस्तकाचं पान फाटलेलं असलं तर ते दिसतं तरी.

अनुजा मॅडमनी त्याला तिथंच गाठलं होतं. त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून नुकत्या निवृत्त झालेल्या, वाचनालयाच्या जुन्या सभासद. अपक्ष उभं राहायचं त्यांनी ठरवलं होतं. नव्या नियमानं अपक्षाला अर्जावर सही करणारे दहा सूचक लागत. नऊ मिळाले होते.

“मॅडम, राग मानू नका,” गणपती चाचरत म्हणाला होता, “पण तुम्ही साध्या पतसंस्थेचीही निवडणूक कधी लढवली नाही. एकदम देशाचा कारभार?”

“दिल्लीत दोन वर्षांत तिसरा पंतप्रधान झाला, आण्णा. एकही नवखा नव्हता. सगळ्यांचा जन्म राजकारणात गेलेला. काय झालं त्या अनुभवाचं?”

गणपतीचं मन तरी निवलं नाही. बाईंचं बोलणं पुस्तकातल्यासारखं नीट होतं, आणि नीट बोलण्यावर त्याचा फारसा भरवसा नव्हता. वर आता हंबीररावांची शिफारस. ही बाई त्यांनीच तर उभी केली नसेल? समोरच्या पक्षाची मतं खायला असले अपक्ष उभे करतात, हे तो पेपरात वाचत आला होता. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, कारखाना अशी बत्तीस वर्षं हंबीररावांनी काढली होती. असा माणूस फुकट भाकरी खात नाही.

तरी त्यानं सही केली. मॅडमनी मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक विचारला, त्यानं ओळखपत्रावर पाहून सांगितला, त्यांनी अर्जावर उतरवून घेतला. सही केली ती बाईंसाठी, की प्रसेनजीतच्या ऑर्डरीसाठी, हे त्यानं स्वतःला विचारलं. उत्तर आवडलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. तीन वाजेपर्यंतची मुदत. गणपती वाचनालयात बसला होता, पण डोळे एकाच ओळीवरून फिरत होते. शेवटी उठून त्यानं सरकारी प्रकाशनांचं कपाट उघडलं. त्यात उमेदवारांसाठीची एक पुस्तिका पडून होती. अजून कुणी उघडलेलीही नव्हती. तो तिथंच उभ्यानं वाचायला लागला, आणि सूचकांच्या कलमाशी थांबला.

सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे.

गणपतीचं मत कबनूरला, मूळ गावी होतं. तीस वर्षं कळंब्यात राहूनही त्यानं ते हलवलं नव्हतं. भाऊ केरबा तिथं यंत्रमागावर कामाला होता. दर निवडणुकीला दोघं नवराबायको कबनूरला जायची, मत टाकायची, भावाकडं जेवायची. मत गावात असलं की माणूस गावाचा राहतो, असं त्यांच्या घरात सगळेच मानत. जिल्हा एकच, तेव्हा सही चालेल, असं त्यानं गृहीत धरलं होतं. पण कळंबा कोल्हापूर लोकसभेत आणि कबनूर इचलकरंजीत. त्याची सही म्हणजे कोरा कागद. दहातला एक गेला, की उद्याच्या छाननीत बाईंचा अर्ज बाद.

आणि हंबीररावांना हे ठाऊक होतं. कुणाचं मत कुठल्या गावात आहे, हे बत्तीस वर्षं पाठ करत आलेल्या माणसाला ठाऊक नसेल तर कुणाला?

म्हणजे बाई त्यांची नव्हती. त्यांचा माणूस गणपतीच होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. म्हाताऱ्याची चूक म्हणून सोडून दिलं असतं सगळ्यांनी, आणि प्रसेनजीत कायम झाला असता. पोराचं लग्न त्याच एका कागदावर अडलं होतं. गणपती खुर्चीत बसला. पुन्हा उठला. मग पुस्तिका काखेत मारली, रजिस्टरात नोंदही न करता, आणि रिक्षाला हात केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वाचनालयाचं पुस्तक न सांगता बाहेर नेलं.

कलेक्टर कचेरीच्या आवारात हंबीररावांची माणसं गुलालात न्हाली होती. हलगी कडाडत होती. अनुजा मॅडम एका झाडाखाली फाइल घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या. सोबत धोंडुबाई, त्यांच्या कॉलेजातली निवृत्त शिपाईण, मांडीवर डबा घेऊन बसलेली.

“मॅडम, माझी सही चालत नाही,” गणपतीनं धापा टाकत सांगितलं, आणि पुस्तिकेतलं पान पुढं केलं.

त्यांनी वाचलं. चेहरा उतरला. “मी फक्त नंबर विचारला. गाव विचारलंच नाही.”

“दुसरा अर्ज?”

“दुसरा कशाला?”

“चार भरता येतात. एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. हितं लिहिलंय. हंबीररावांनी चारही भरले असतील.”

“मला कुणी सांगितलं नाही, आण्णा.”

दिल्लीत तरी कोण सांगणार आहे हिला, असं गणपतीच्या मनात आलं. आवारातल्या दोघातिघांना त्यांनी विचारून पाहिलं. गुलालाकडं बघून जो तो काढता पाय घ्यायचा.

“माझं मत हाय की हितंच कोल्हापुरात, गंगावेशीत,” धोंडुबाई डबा बाजूला ठेवत म्हणाली. “कवाधरनं बघतीया, कुणी इचारलंच न्हाय.”

मॅडम वरमल्या. “तुम्हाला सही येते, धोंडुबाई?”

“पगार काय अंगठ्यावर घेत हुते व्हय वो मी?”

यादीत तिचं नाव शोधण्यात दहा मिनिटं गेली. गणपतीनं आपलं नाव स्वतःच्या हातानं खोडलं. धोंडुबाईनं खाली एकेक अक्षर कोरून काढलं. तीनला सात मिनिटं असताना मॅडम आत गेल्या.

गणपती वळला तर समोर हंबीरराव. गुलालानं भरलेले, हसतमुख.

“काय गणपतराव, खोडलासा म्हनं नाव? बरं झालं. अवो, बाई उभी ऱ्हायली की समोरच्याचीच मतं फुटत्यात. तुमी सही केलासा तरी काम माझं, खोडलासा तरी माझंच.” शेजारच्या माणसांनी ठरल्यासारखं हसून घेतलं.

पुन्हा तेच. हा माणूस खरं बोलतोय की आत्ता जुळवून बोलतोय? एरवी तो मान खाली घालून निघून गेला असता. पण विचारल्याशिवाय आजची रात्र झोप लागणार नव्हती.

“मग साहेब, काम झालंच असेल तर प्रसेनजीतची ऑर्डर पाठवा.”

हंबीररावांचं हसू एका बाजूनं उतरलं. “ऑर्डर? ती सही ठेवली असती तर हुती. पोराला सांगा, पुढच्या हंगामाला यायची गरज न्हाय.”

बोलले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. ते झटकन वळले आणि हलगीवाल्यावर ओरडले, “आरं वाजीव की, का हात मोडलं?”

गणपती तिथंच उभा राहिला. काम दोन्हीकडून झालं असतं, तर ऑर्डर मिळाली असती. म्हणजे झालं नव्हतं.

मॅडम बाहेर आल्या, पोचपावती हलवत. “आण्णा, मत कुणाला देणार?”

“मला हितं मत नाही, मॅडम.”

“असतं तर?”

त्यानं पुस्तिकेवरचा गुलाल झटकला. “तुम्हाला दिलं असतं. पण भीत भीत.”

त्या हसल्या नाहीत. “ती पुस्तिका आठवडाभर मला मिळेल?”

“आधी वाचनालयात नोंद करावी लागेल,” गणपती म्हणाला.

नोंद करून कळंब्याच्या बसमध्ये बसला तेव्हा साडेचार वाजले होते. प्रसेनजीत पहिल्या पाळीहून एव्हाना घरी आला असेल. गणपतीनं मनात वाक्य जुळवायला घेतलं. ‘तुझी नोकरी मी घालवली’ हे फार थेट वाटलं. ‘तुझी नोकरी गेली’ यात लबाडी होती. वाटेतल्या संभाजीनगर स्टॉपपर्यंत त्यानं दोन्ही फिरवून पाहिली, आणि पहिलंच वाक्य धरून ठेवलं.